सुहास कणसेचा निरोप

झोप येत नाही म्हणणाऱ्या माणसाला लोक काय काय सांगतात, त्याचं एक पुस्तक होईल. कोमट दूध प्या, जायफळ उगाळून लावा, तळपायाला तेल चोळा. आमच्या माळवाडीतल्या एका शहाण्यानं तर मला मनातल्या मनात म्हशी मोजायला सांगितल्या. मी म्हटलं, बाबा, मी सिग्नलचा माणूस. मोजायला लागलो तर उजाडेपर्यंत मोजत बसेन, आणि एखादी म्हैस निसटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेन.

मी जोतिराम निकम, निवृत्त हवालदार. माळवाडी सातारा जिल्ह्यात, घरटी एक फौजी असलेलं गाव. फौजेत माझं काम रेडिओ सेटवर होतं. त्या कामाचा एक नियम आहे आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळे घडलं, म्हणून तो आधीच सांगतो. कुणी निरोप दिला की घेणाऱ्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा. देणारा 'बरोबर' म्हणाला की मगच तो निरोप पक्का. आणि ज्याच्या नावचा असेल त्यालाच द्यायचा. वाटेत देव जरी भेटला तरी आपण मुके.

उत्तरेतल्या एका खिंडीत आमच्या गाडीखाली सुरुंग उडाला. बाकीचे जागच्या जागी गेले. मी आणि सुहास कणसे उलट्या गाडीत अडकून पडलो. सुहास माझा गाववाला, शाळेत एका बाकावर बसलेला. त्याच्या पोटात लोखंड घुसलं होतं. ते मलाही दिसत होतं आणि त्यालाही. त्याची बायको रेश्मा तेव्हा पोटुशी होती. सुहासनं मला निरोप दिला. म्हणाला, लेकरू अठराचं झालं की त्याला सांग, त्याआधी नको, दुसऱ्या कुणाला नको. मी शब्दन् शब्द परत म्हटलं. तो म्हणाला, "बरोबर." त्यानंतर तो बोलला नाही.

मला वरून ओरखडाही नव्हता. लोक म्हणाले, नशीबवान. पण त्या दिवसापासून डोकं असं ठणकायचं की फोडणीचा आवाज आला तरी मी घराबाहेर पळायचो. मान, पाठ, दाढा, सगळं दुखायचं, आणि तपासणीत काही सापडायचं नाही. कसाबसा डोळा लागला की पुन्हा ती गाडी. झोपेत मी सुहासचा निरोप मोठमोठ्यानं परत म्हणायचो, असं बायको सांगायची. काय म्हणायचो ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. तो तिच्या नावचा नव्हता.

माझी बायको सुवर्णा. तिच्या माहेरच्या गावचीच रेश्मा. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. सुहास गेला, मुलगी झाली, ईश्वरी. पुढे रेश्मानं कोरेगावच्या एका मास्तरांशी दुसरं लग्न केलं. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि तिला लहानपणापासून एकच शिकवलं, तुझ्या आईनं तुझ्या बापाच्या चितेवर संसार मांडला. पोरगी आईशी बोलायची नाही. रेश्मा सणाला कपडे पाठवायची, ते तसेच परत जायचे. सुवर्णा या गोष्टीवरून सारखी जळायची. मी म्हणायचो, आपण त्यात पडू नये.

एकदा पहाटे मी झोपेत सुवर्णाचा गळा धरला. जाग आली तेव्हा ती माझ्या मनगटाला चावत होती. दुसऱ्या दिवशी ती ओढणी गळ्याभोवती गुंडाळून भाजी आणायला गेली आणि थंडी वाजतेय म्हणून सांगितलं. महिना मे होता. त्याच आठवड्यात तिनं पुण्याच्या एका झोपेच्या उपचार केंद्रात माझं नाव घातलं.

केंद्रातल्या डॉक्टर पेंढारकर बाई बोलायला गोड. माझ्या मेंदूचं चित्र हवेत उभं करून त्यांनी मला समजावलं. ही नवी तपासणी, पूर्वी नव्हती.

"स्फोटात नुसते तुकडे उडत नाहीत, दाबाची एक लाट येते," त्या म्हणाल्या. "ती कवटीतून आरपार जाते. वरून काही दिसत नाही, पण आतले बारीक धागे ताणले जातात. आता माणूस गाढ झोपतो तेव्हा मेंदूत सावकाश, मोठ्या लाटा उठतात. त्यांच्या तालावर मेंदूतलं पाणी आतबाहेर होतं आणि दिवसभराचा कचरा धुऊन नेतं. तुमच्या लाटा मध्येच फुटतात. धुणं होत नाही. आणि न धुतलेला मेंदू साध्या स्पर्शालासुद्धा दुखणं समजतो."

"म्हणजे दुखतं म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून दुखतं."

"अगदी तसंच. झोपताना लावायचा आमचा पट्टा तुमची लाट ओळखतो आणि नेमक्या क्षणी कानामागच्या हाडातून बारीकसा आवाज देतो. झोपाळा मागे येऊन वळतो तेव्हा एक बोट लावलं तरी उंच जातो ना, तसं."

मला पटलं. सिग्नलवाल्याला वेळ साधण्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा चहा घेऊन या, मला मिसेसशी बोलायचंय." मी कँटीनमध्ये जाऊन कांदाभजी खाल्ली. चांगली होती. ती भजी आजही माझ्या घशात अडकली आहेत.

पट्टा कपाळाला लावायचा, बस्स. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. मग एके दिवशी सकाळी उठलो तर अंगणात ऊन आलेलं. मला वाटलं, मेलो की काय. इतका हलका मी लहानपणीसुद्धा नव्हतो. हळूहळू ठणका उतरला. मी दळण आणायला जाऊ लागलो, लग्नातल्या बँडसमोर उभा राहू लागलो. सुवर्णाच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. एकदा ती भाकरी थापताना गाणं म्हणत होती आणि मी दारात उभा राहून ऐकलं. खरं सांगतो, ते दिवस आमच्या लग्नातले सगळ्यात चांगले दिवस होते. म्हणून जास्त राग येतो.

ईश्वरी एका दुपारी पेढे घेऊन आली. लष्कराच्या अकादमीत तिची निवड झाली होती, दोन दिवसांनी निघायचं होतं. उंच, सरळ पोरगी, हनुवटी थेट सुहासची. पाया पडली आणि म्हणाली, "काका, अठरा पूर्ण झाली. निरोप घ्यायला आलेय."

माझ्याकडे तिचा निरोप ठेव म्हणून आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं तर लहानपणी हट्ट करून रडून पाहिलं होतं, मी बधलो नव्हतो. शेवटी तिनंच तो नियम पाठ केला होता. आता ती अंगणात सावधान उभी राहिली. मीही उठलो. निरोप बसून द्यायचा नसतो. तोंड उघडलं.

काही नाही.

गाडी आठवत होती. सुहास आठवत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नव्हता. सेटवर समोरचा जीव तोडून बोलतोय आणि आपल्या कानात नुसती खरखर, तसं. मी शब्द चाचपडले, पहिला तरी सापडेल म्हणून. जिथे ते अठरा वर्षं होते तिथे सारवलेली जमीन होती. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला काही वाटतही नव्हतं. घाम नाही, थरथर नाही. माझा मित्र माझ्यासमोर मरत होता आणि मी दुसऱ्याच्या घरची भिंत बघावी तसा बघत होतो.

"उद्या सकाळी ये, पोरी," मी म्हटलं. "असा निरोप घाईत देत नाहीत."

तिचा चेहरा पडला, पण शिस्तीची पोरगी, गेली.

मी आत गेलो. सुवर्णा मेथी निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली जुडी खाली ठेवली. माणूस वीस वर्षं रेडिओचं काम केलेला असो नसो, बायकोची शांतता त्याला ऐकू येते.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

"अहो, बसा आधी."

"बसत नाही. त्या बाईनं तुला आत कशाला थांबवलं होतं?"

ती रडली नाही. सरळ सांगितलं. नुसत्या झोक्यानं माझ्यासारख्याला पुरं पडणार नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. ती आठवण रोज झोप मोडते, तोवर लाट टिकणार नाही. तर आठवणीलाच सैल करायचं. गाढ झोपेत मेंदू आठवणी बाहेर काढतो, उजळतो आणि पुन्हा घट्ट लावून ठेवतो. त्या वेळी कानात त्या आठवणीशी जोडलेले शब्द हळूच म्हटले की ती आठवण वर येते. ती पुन्हा घट्ट बसायच्या आत पट्टा लाट मोडतो. दही विरजलं आणि रात्रभर भांडं हलवत राहिलं तर ते लागत नाही, तसं. रोज थोडं थोडं. पण त्यासाठी नेमके शब्द लागतात.

"आणि ते तू दिलेस."

"तुम्ही झोपेत म्हणायचा तेच दिले. माझ्या आवाजात घेतले त्यांनी. बाई म्हणाल्या, शब्द राहतील, त्यांना चिकटलेली भीती तेवढी जाईल."

म्हणजे इतके महिने रोज माझ्या बायकोचा आवाज माझ्या कानात सुहासचा निरोप म्हणत होता आणि यंत्र तो पुसत होतं.

डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, नेहमीसारखा गोड.

"मजकूर सहसा राहतो, निकमसाहेब."

"सहसा?"

"तुमच्यासारख्या इजेत काही वेळा भीती आणि शब्द एकाच धाग्यावर असतात. ते आधी कळत नाही. पण दुखणं किती कमी झालंय ते बघा ना."

"मला का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर ती आठवण जागेपणीच पक्की होऊन बसली असती, उपचार लागू पडला नसता. म्हणून अशा वेळी आम्ही काळजी घेणाऱ्या व्यक्तीची परवानगी घेतो. तशी पद्धतच आहे."

"परत आणता येईल?"

"जे लागलंच नाही ते परत कसं आणणार?"

मी फोन बंद केला. खरखर असेल तर ती गाळायची असते, हे मीही पोरांना शिकवलंय. पण खरखर आणि आवाज एकाच लहरीत असले तर गाळणीला हात लावायचा नाही, हेही शिकवलंय. कुणी मला विचारायला तर हवं होतं.

"मला पाठ आहे तो," सुवर्णा मागून म्हणाली. "सबंध. अठरा वर्षं ऐकलाय. मी सांगू का?"

"गप्प बस. तो तुझ्या नावचा नाही."

"मग त्या पोरीला काय सांगणार?"

ती उठून माझ्यासमोर आली.

"तुम्हाला राग आलाय, येऊ दे. पण मला एक सांगा. अठरा वर्षं माझ्या शेजारी रोज एक माणूस मरत होता, ते तुम्ही कधी मला विचारून केलं होतं का? माझ्या गळ्यावरचे वळ कुणाच्या नावचे होते?"

ते वळ माझ्याच नावचे होते. पण म्हणून झालेलं बरोबर ठरत नाही. शत्रूनं सुरुंग पेरला, ते त्याचं कामच होतं. ही माझ्या उशीला उशी लावून झोपत होती.

सकाळी ईश्वरी आली. मी तिला खरं तेवढं सांगितलं, की डोक्याच्या उपचारात माझ्या आठवणीतून निरोप पुसला गेला, काकूनं तो माझ्या तोंडून झोपेत ऐकला होता, ती म्हणेल. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग सुवर्णाकडे वळून सावधान उभी राहिली. सुवर्णानं पदराला हात पुसले आणि एका दमात म्हटलं.

"माझ्या लेकराला सांग, बापाला मरताना भीती वाटली होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तू वर्दी घालायलाच पाहिजे असं नाही. घातलीस तर नीट घाल. आणि रेश्मानं दुसरं घर केलं तर तिला बोल लावू नको. अडकून राहू नको, असं मीच तिला म्हटलंय. ती आधी तुझी आई आहे, मग माझी बायको."

अंगणात सायलीचा वेल आहे, त्यावर चिमण्या भांडत होत्या. तेवढाच आवाज होता.

मी ऐकत होतो आणि शोधत होतो. एखादा शब्द तरी आत कुठे जाऊन आपटेल, ओळखीचा निघेल. एकही आपटला नाही. शब्द चांगले होते. फारच चांगले होते. सुहासला मी शाळेपासून ओळखतो. यात्रेत रेश्मा कुणाशी हसून बोलली तर जेवण टाकणारा गडी तो. शिवी दिल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. तो असं बोलला असेल? मरताना माणूस बदलतो, हेही मी पाहिलंय. पण रेश्मासाठी वर्षानुवर्षं जळणारी माझी बायको ते म्हणत होती, आणि तिला माझ्याबद्दल जे ठीक वाटलं ते तिनं मला न विचारता केलं होतं. मग सुहासच्या निरोपाचं काय केलं नसेल?

ईश्वरीनं तो शब्दन् शब्द परत म्हटला. एकदाही अडखळली नाही. मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण हात कपड्याच्या शिवणीला चिकटलेले.

"काका, बरोबर?"

मी सुवर्णाकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. खरं बोलणारा माणूस नजर खाली घालत नाही, आणि आपण केलं ते योग्यच केलं असं मानणाराही घालत नाही.

नाही म्हणालो असतो तर पोरगी रिकाम्या हातांनी गेली असती. माहीत नाही म्हणालो असतो तर जन्मभर त्या वाक्यांवर काजळी धरली असती. नियम सांगतो, न तपासलेला निरोप पुढे जाऊ द्यायचा नाही. वैऱ्याच्या मुलखात, कानात स्फोटाचा घणघणाट असतानाही मी तो मोडला नव्हता.

"बरोबर," मी म्हटलं.

पोरगी पाया पडली. फाटकापर्यंत गेली, थांबली, फोन काढला. बराच वेळ नुसता हातात धरून उभी होती. मग तिनं कानाला लावला आणि म्हणाली, "आई, मी ईशू." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सुवर्णा मात्र पदरात तोंड घालून रडली.

ईश्वरी गेल्यावर ती म्हणाली, "देवाशपथ, तेच शब्द होते."

"असतील."

"तुमचा विश्वास नाही?"

"तू मला न विचारता माझं डोकं उघडून दिलंस, सुवर्णा. विश्वास त्यातच होता. तोही गेला."

तिनं माझा हात धरला. मी काढून घेतला नाही. पण तिचा हात धरलाही नाही.

पट्टा मी खोक्यात भरून पुण्याला पाठवून दिला; त्यातले शब्दही शेवटी तिच्याच तोंडचे होते. बाईंचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. ठणका परत आला, सगळे जुने पत्ते त्याला माहीत होते. आधी मान, मग दाढा, मग कपाळ. मला बरं वाटलं. म्हटलं, दुखणं आलंय तर मागोमाग सुहासही येईल, दोघं एकाच गाडीत होते. रोज झोपताना उशाशी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायचो आणि सकाळी अंगणात बसून ऐकायचो. झोपेत तरी माझ्या तोंडून तो निघेल, तर मी शब्द ताडून बघेन. सुवर्णाचं खरं निघालं तर तिच्या पाया पडेन, असंसुद्धा ठरवलं होतं.

पुष्कळ दिवस नुसतं कण्हणं होतं. कूस बदलण्याचे आवाज, कुत्री, पंखा.

मग परवा सकाळी माझाच आवाज ऐकू आला. लहान पोरासारखा, विनवणीचा. "परत सांग, सुहास. परत सांग. आवाज येत नाही." पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी कप खाली ठेवला आणि फोन कानाशी नेला.

आणि मग उत्तर आलं. अगदी हळू, माझ्या कानाशी तोंड नेऊन कुणी बोलावं तसं. "माझ्या लेकराला सांग, बापाला मरताना भीती वाटली होती..." सुवर्णाचा आवाज. सबंध निरोप तिनं म्हटला, संपला की पहिल्यापासून. न कंटाळता, पोराला थोपटावं तसा. किती दिवस करत होती कोण जाणे.

तिच्या मनात काय होतं ते मला समजलं. तिनं काढून घेतलं होतं, ते ती परत ठेवत होती. यात वाईट काही नव्हतं. पण उद्या माझ्या तोंडून झोपेत तेच शब्द आले, अगदी जसेच्या तसे आले, तरी ते सुहासचे की तिचे, हे आता कुणी सांगू शकणार नाही. एक वाट उरली होती. तीही तिनं मायेनं लिंपून टाकली, आणि याही वेळी मला विचारलं नाही.

ती चहाचा दुसरा कप घेऊन बाहेर आली. डोळ्यांखालचं काळं परत आलं होतं. माझ्या हातातल्या फोनकडे बघून तिनं विचारलं, "काही सापडलं का हो?"

मी फोन खिशात टाकला.

"नाही," मी म्हटलं. "नुसती खरखर आहे."